नागपुरात सहा संघांची कर्लिंग लीग: हॅमर, गुणतक्ता आणि हॉलची फरशी

कर्लिंग म्हणजे बर्फाच्या पट्टीवरून जड दगड घसरवत पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा, आणि चालत्या दगडापुढचा बर्फ झाडूने घासत त्याची चाल सांभाळायची, असा सांघिक खेळ. कर्लिंग लीगच्या नियमपत्रकाची पहिली पानं दगड, झाडू आणि बर्फ यांनीच भरलेली असतात. वाद मात्र त्यावरून होत नाहीत. वाद होतात ते शेवटचा दगड कुणाचा, गुण सारखे झाले तर वर कोण, आणि उशिरा आलेल्या संघाचं काय, यावरून. हे प्रश्न पहिला दगड सुटण्याआधी कागदावर मिटवले की लीगचं निम्मं काम झालं. म्हणून आधी व्यावसायिक लीगमध्ये काय चालतं ते पाहू, आणि मग तेच सहा संघ घेऊन नागपूरच्या एखाद्या इनडोअर हॉलमध्ये कसं बसवायचं ते टप्प्याटप्प्याने.

बर्फाचा प्रश्न आधीच निकालात काढतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात कर्लिंगसाठी बर्फ राखणं हे हौशी लोकांचं काम नाही. हा बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखा गुळगुळीतही नसतो. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, आणि त्या दाण्यांवरून दगड घसरतो. आपण वापरायचे ते तळाशी बेअरिंग बसवलेले दगड. शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर ते चालतात. परदेशात शाळांमध्ये आणि ज्येष्ठांच्या क्लबांत असं कर्लिंग खेळलं जातं. फरशीवर झाडू मारायचा नसतो. झाडू नाही म्हणजे खेळ खोटा, असं कुणी म्हणालं तर त्याला व्हीलचेअर कर्लिंग दाखवा. त्यातही झाडू मारत नाहीत, आणि २००६ च्या तुरीन स्पर्धेपासून तो पॅरालिंपिकचा खेळ आहे.

व्यावसायिक लीग म्हणजे नेमकं काय

कर्लिंगमध्ये संघ म्हणजे परंपरेने चार जणांची स्वतः जमवलेली टोळी. ती देशाच्या स्पर्धेत उतरते, जिंकली तर देशाकडून जागतिक स्पर्धेला जाते, आणि मधल्या काळात बक्षिसाच्या स्पर्धा खेळते. अशा स्पर्धांतली सर्वांत मोठी मालिका म्हणजे कॅनडाची ग्रँड स्लॅम. २०२४ मध्ये 'द कर्लिंग ग्रुप' या कंपनीने ती विकत घेतली आणि २०२५ मध्ये 'रॉक लीग' जाहीर केली. आयपीएल पाहणाऱ्याला तिचा सांगाडा लगेच ओळखू येईल: सहा संघ, आणि प्रत्येक संघात पुरुष आणि महिला दोन्ही. कप्तानांत कॅनडाचे रेचेल होमन आणि ब्रॅड जेकब्स, स्कॉटलंडचा ब्रूस मोवॅट, स्वित्झर्लंडची अलिना पेट्झ, अमेरिकेचा कोरी ड्रॉपकिन आणि जपानची चिनामी योशिदा.

त्याआधी २०१८-१९ च्या मोसमात जागतिक संघटनेने कर्लिंग वर्ल्ड कप भरवला होता. चीनमधलं सुझोऊ, अमेरिकेतलं ओमाहा, स्वीडनमधलं योंशोपिंग आणि शेवटी बीजिंग असे चार टप्पे होते. तो एकाच मोसमापुरता चालला, पण त्याची गुणपद्धत मला आजही सर्वांत सुटसुटीत वाटते, आणि आपल्या लीगसाठी तीच उचलायची आहे. त्याकडे पुढे येतो.

बर्फावरचा सामना थोडक्यात

पट्टी ४५.७२ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना चार वर्तुळांचं 'हाऊस'. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३.६६ मीटर, आतली वर्तुळं २.४४ आणि १.२२ मीटरची, आणि मधोमध 'बटन'. हाऊसच्या मध्यातून आडवी जाणारी ती टी-रेषा. तिच्या पुढे ६.४० मीटरवर हॉग-रेषा. दगड जवळच्या हॉग-रेषेआधी हातातून सुटला पाहिजे आणि पलीकडची हॉग-रेषा पूर्ण ओलांडली पाहिजे, नाहीतर तो बाद. फक्त खेळातल्या दुसऱ्या दगडाला लागून अलीकडे थांबलेला दगड राहतो. दगड ग्रॅनाइटचा, १७.२४ ते १९.९६ किलोच्या दरम्यान. त्यातला चांगला ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग या बेटावरून येतो.

संघात चौघं: टाकण्याच्या क्रमाने लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप, म्हणजे कप्तान. प्रत्येकाचे दोन दगड, दोन्ही संघ आळीपाळीने टाकणार, म्हणजे एका एंडमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका डावात, १६ दगड. सगळे पडले की ज्याचा दगड बटनाच्या सर्वांत जवळ, गुण त्या एकाच संघाला. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत असलेले त्याचे जितके दगड, तितके गुण. समजा लालचे दोन दगड बटनाजवळ आहेत, तिसऱ्या क्रमांकावर पिवळा आहे आणि त्यामागे आणखी दोन लाल. तरी लालला दोनच गुण, पिवळ्याला शून्य. हाऊसला किंचितही न शिवलेला दगड मोजायचाच नाही. मोठ्या अजिंक्यपद स्पर्धांत दहा एंड, ग्रँड स्लॅममध्ये आठ.

वेळेचं बंधन संघाच्या विचारावर असतं. दहा एंडच्या सामन्यात प्रत्येक संघाला ३८ मिनिटं, आठ एंडला ३०. संघ विचार करतोय तोवर त्याचं घड्याळ चालू, टाकलेला दगड अलीकडच्या टी-रेषेला पोहोचला की बंद. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात घड्याळ दाबण्याचा हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिला टप्पा: हॅमर समजून घ्या

एंडमधला शेवटचा दगड म्हणजे हॅमर. सगळं डावपेचाचं राजकारण त्याभोवती फिरतं. ज्याने एंडमध्ये गुण घेतले, त्याला पुढच्या एंडमध्ये हॅमर मिळत नाही. तो समोरच्याकडे जातो. गुण कुणालाच मिळाले नाहीत, म्हणजे एंड कोरा गेला, तर हॅमर आहे त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे अनुभवी स्किपला हॅमर हातात असताना एक गुण घेणं तोट्याचं वाटतं. त्याला दोन तरी हवेत, नाहीतर तो मुद्दाम शेवटचा दगड आरपार घालवून एंड कोरा ठेवतो. समोरचा संघ त्याला एकावरच अडकवायला पाहतो. हॅमर नसताना गुण मिळाले तर त्याला स्टील म्हणतात, आणि सामना बहुधा तिथेच फिरतो.

आता हॉलच्या फरशीवर या नियमाचं काय होतं ते पाहा. बर्फावर एंड कोरा ठेवायलाही कौशल्य लागतं, कारण हाऊसमध्ये पडलेले दगड आधी अचूक उडवावे लागतात. फरशीवर बेअरिंगचा दगड सरळ जातो, जोरात मारला की समोरचं सगळं साफ. कोरे एंड सोपे झाले की सहा एंडच्या सामन्यात चार कोरे जातील आणि बघणारे चहाला निघून जातील. म्हणून आपल्या लीगसाठी मिश्र दुहेरीचा नियम घ्या: एंड कोरा गेला तर हॅमर समोरच्या संघाकडे. माझ्या मते फरशीवर हा बदल हवाच. बाकी काही बदललं नाही तरी हा करा.

दुसरा टप्पा: पहिल्या एंडचा हॅमर कसा ठरवायचा

नाणं उडवू नका. व्यावसायिक पद्धत अशी की सामन्याआधी प्रत्येक संघ दोन दगड बटनाकडे टाकतो, दोन वेगवेगळे खेळाडू, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून आणि एक उलट. दोन्ही दगडांचं बटनापासूनचं अंतर मोजून बेरीज करतात, आणि कमी बेरजेच्या संघाला हॅमर निवडता येतो. दगड हाऊसमध्ये पोहोचलाच नाही तर त्याचं अंतर १९९.६ सेंटिमीटर धरतात.

आपली पट्टी अर्ध्या मापाची असणार आहे (पुढे सांगतो), म्हणून बाहेर गेलेल्या दगडाचे १०० सेंटिमीटर धरा. उदाहरण घेऊ. धरमपेठ संघाचे दगड ३४ आणि ४१ वर थांबले: बेरीज ७५. प्रतापनगरचा पहिला अगदी ६ वर, दुसरा हाऊस चुकला: ६ अधिक १००, बेरीज १०६. एक नेत्रदीपक दगड असूनही प्रतापनगर मागे. ही पद्धत सातत्याला बक्षीस देते, चमत्काराला नाही, आणि म्हणूनच ती लीगला योग्य आहे. फरशीवर फिरकीला फारसा अर्थ नाही, तेव्हा दिशेची अट काढून टाका. त्याऐवजी एक दगड पुरुष खेळाडूने आणि एक महिला खेळाडूने टाकायचा अशी अट घाला. शिवाय साखळीतल्या पाच सामन्यांत चौघांपैकी प्रत्येकाने किमान दोनदा तरी हा दगड टाकलाच पाहिजे, नाहीतर एकच पक्का नेमबाज सगळीकडे पुढे येतो.

ही अंतरं एका वहीत नीट लिहून ठेवा. गुणतक्त्याचा शेवटचा निकाल त्या वहीतूनच लागणार आहे.

तिसरा टप्पा: हॉल आणि पट्टी

बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. बर्फावरची सगळी मापं निम्मी केली की पट्टी २२.८६ मीटरची होते, म्हणजे त्यात आरामात बसते. बाहेरचं वर्तुळ १.८३ मीटर व्यासाचं, आतली १.२२ आणि ०.६१, बटन साधारण १५ सेंटिमीटर. दोन टी-रेषांमध्ये १७.३७ मीटर, टी-रेषेपासून हॉग-रेषा ३.२० मीटर, हाऊसची मागची रेषा टी-रेषेपासून ९१ सेंटिमीटर. दगड टाकायला उभं राहण्याची खूण टी-रेषेच्या मागे १.८३ मीटरवर. पट्टीची रुंदी अडीच मीटर. अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी घातल्या तरी मध्ये चालायला भरपूर जागा उरते. दोन्ही टोकांना हाऊस आखा, म्हणजे प्रत्येक एंडनंतर दगड उचलून परत आणावे लागणार नाहीत; पुढचा एंड उलट दिशेने खेळायचा.

आखणीसाठी मास्किंग टेप पुरते, पण रेषेवरून जाताना दगड अडखळतो का ते आधी पाहा. हाऊस मात्र खडूने किंवा धुता येणाऱ्या रंगाने काढा, कारण वर्तुळात टेपच्या चुण्या पडतात.

फरशीबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण आपल्याकडे खेळ इथेच बिघडतो. लाकडी फ्लोअरिंग उत्तम. पॉलिश केलेली कोटा फरशी चालते, पण जोड उघडे असतील तर बेअरिंग तिथे उडी मारतं आणि दगड वळतो. बॅडमिंटनचं मऊ सिंथेटिक मॅट असेल तर दगड रुततो, ते गुंडाळून ठेवायला सांगा. खरी अडचण उन्हाळ्यात. हॉलमध्ये मोठे डेझर्ट कूलर लावले की हवा गार होते खरी, पण कूलरच्या तोंडाशी फरशीवर ओल धरते. त्या बाजूच्या पट्टीवर दगड मंद पडतो आणि कोरड्या बाजूला पळतो. तेव्हा एकतर कूलर सामन्याआधी चालवून बंद करा, किंवा त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे वळवा. प्रेक्षकही खूश होतील. पावसाळ्यात पायपुसणं आणि स्वच्छ तळव्याचे बूट सक्तीचे. चिखलाचा एक खडाही बेअरिंगला पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा काळ. डिसेंबरच्या तारखा ठरवताना मात्र विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचं वेळापत्रक पाहा, कारण त्या दिवसांत शहरातली वाहतूक आणि खोल्या दोन्ही हातात नसतात.

हॉलसाठी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलापासून ते एखाद्या कॉलेजच्या जिमखान्यापर्यंत कुठेही विचारा, पण विचारण्याआधी दोन दगड पिशवीत घालून न्या आणि फरशीवर सोडून बघा. दोन्ही दिशांनी बघा. एका दिशेला वेगळ्या वेगाने गेला तर फरशीला उतार आहे. किंचित उतार चालतो, कारण एंडची दिशा बदलत राहते आणि फायदा-तोटा वाटला जातो.

चौथा टप्पा: दगड

एका पट्टीला १६ दगड, आठ लाल आणि आठ पिवळे. तीन पट्ट्यांना ४८. एवढे एकदम जमले नाहीत तर दोन मार्ग. एकाच पट्टीवर लीग लांबवा, किंवा मिश्र दुहेरी खेळा. मिश्र दुहेरीत संघाचे दोघंच असतात, प्रत्येक संघ एंडमध्ये पाच दगड टाकतो आणि एक दगड आधीच ठरलेल्या जागी ठेवलेला असतो. म्हणजे पट्टीला १२ दगड पुरतात.

विकत घ्या किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून करून घ्या, दोन्हीत एक काम टाळू नका: प्रत्येक दगड काट्यावर तोला आणि एकाच उतारावरून सोडून किती लांब जातो ते पाहा. सारखे चालणारे दगड जोडीने एकेका खेळाडूला द्या. दगडावर तेलरंगाने क्रमांक घाला. व्यावसायिक संघही हेच करतात. सरावाच्या वेळी ते दगड तपासून जोड्या लावतात, आणि त्यातला सर्वांत भरवशाचा जोड बहुतेकदा स्किपकडे जातो.

पाचवा टप्पा: संघ

प्रत्येक संघात सहा जण: तीन पुरुष, तीन महिला. चौघं खेळतील, दोघं राखीव. जागतिक मिश्र स्पर्धेचा नियम सरळ उचला: दगड टाकण्याचा क्रम पुरुष-महिला असा आलटून-पालटून, आणि स्किप व व्हाइस-स्किप (उपकप्तान) यांच्यात एक पुरुष, एक महिला. हा नियम नसला तर काय होतं ते सांगायला नको. महिला लीडला ढकलल्या जातात आणि निर्णय दोन काका घेतात.

दगड हाताने सोडा किंवा काठीने ढकला, दोन्ही चालू द्या. गुडघ्याचा त्रास असलेला साठीचा माणूस आणि कॉलेजची मुलगी एकाच संघात खेळू शकतात, हे या खेळाचं मोठं बळ आहे. काठीने खेळायचं असेल तर संपूर्ण सामना काठीनेच, अधेमधे बदल नाही.

सहावा टप्पा: सामन्याचे नियम

सामना सहा एंडचा. प्रत्येक संघाला २० मिनिटांचा विचारवेळ, मोबाइलवरच्या बुद्धिबळाच्या घड्याळाने मोजायचा. असा सामना दीड तासात बसतो.

हॉग-रेषा आणि हाऊस यांच्या मधल्या भागात उभा राहिलेला दगड म्हणजे गार्ड. जागतिक नियमाप्रमाणे एंडमधले पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड खेळाबाहेर उडवता येत नाही. उडवला तर गार्ड जागेवर परत आणि मारणारा दगड बाद. हा नियम ठेवा. याच्या जोडीला बर्फावर आणखी एक नियम आहे: मध्यरेषेवरचा गार्ड त्या काळात हलकेच ढकलून मध्यरेषेवरून बाजूला करणंही चालत नाही. फरशीवर हा दुसरा नियम गाळा. कारण साधं आहे. बर्फावर दगड वळतो, त्यामुळे गार्डच्या मागून वळसा घालून बटन गाठता येतं. फरशीवर तो वळत नाही. मध्यरेषेवर गार्ड बसला की बटनाचा रस्ताच बंद, आणि त्याला ढकलायचीही मनाई केली तर हॅमर असूनही काही करता येत नाही. कॅरममध्ये सोंगटीच्या आड दडलेल्या राणीला निदान बाजूची रिबाउंड तरी असते. इथे बाजूला भिंत नाही.

पंच ठेवायचा तो फक्त मोजण्यापुरता. कर्लिंगमध्ये आपल्या पायाने किंवा काठीने चालत्या दगडाला स्पर्श झाला तर तो खेळाडूनेच सांगायचा असतो. दोन हॉग-रेषांच्या मध्ये शिवला तर दगड लगेच बाजूला काढायचा. पलीकडच्या हॉग-रेषेनंतर शिवला तर सगळे दगड थांबू द्यायचे, आणि मग समोरच्या स्किपने ठरवायचं: शिवलेला दगड काढून बाकीचे पूर्ववत करायचे, जसं आहे तसं राहू द्यायचं, की स्पर्श झाला नसता तर दगड जिथे गेले असते असं त्याला वाटतं तिथे ठेवायचे. गुण किती यावर दोन्ही व्हाइस-स्किप एकमत होईपर्यंत हाऊसमधल्या एकाही दगडाला हात लावू नका. उत्साहात पायाने दगड गोळा करणारा एक तरी प्राणी प्रत्येक संघात असतो, त्याला आधीच तंबी द्या. मोजताना बटनाच्या मध्यबिंदूपासून दगडाच्या सर्वांत जवळच्या कडेपर्यंत मोजायचं, डोळ्याने सोडवता येत नसेल तेव्हाच.

सामना सोडून देणं इथे कमीपणाचं नाही. हरणार हे दिसलं की स्किप हात पुढे करतो आणि सामना तिथेच संपतो. आपल्या लीगमध्ये चार एंड पूर्ण झाल्यावरच ही मुभा द्या.

उशिराचा नियम जागतिक संघटनेचाच लावा, कारण तो तयार आहे आणि कडक आहे. एक मिनिटापासून पंधरा मिनिटांच्या आत उशीर झाला तर समोरच्याला एक गुण, एक एंड झाला असं धरायचं, आणि पहिल्या प्रत्यक्ष एंडच्या हॅमरचा निर्णयही समोरच्याचा. पंधरा ते तीस मिनिटांत आणखी एक गुण, आणखी एक एंड गेला. तीस मिनिटांनंतर सामना गेला. "वर्धा रोडला जाम होता जी" हे कारण सगळ्यांनाच लागू असतं, म्हणजे कुणालाच नाही.

सातवा टप्पा: वेळापत्रक

सहा संघ एकमेकांशी एकदा खेळले की १५ सामने होतात. तीन पट्ट्यांवर एकाच वेळी तीन, म्हणजे पाच फेऱ्या. खालचं वेळापत्रक तसंच वापरता येईल. संघांची नावं उदाहरणादाखल आहेत. पट्ट्यांना क, ख, ग म्हटलं आहे, आणि जुळणी अशी केली आहे की कुठल्याही संघाला एकाच पट्टीवर दोनपेक्षा जास्त सामने येत नाहीत.

पहिली फेरी: क धरमपेठ–प्रतापनगर, ख महाल–मानेवाडा, ग सदर–इतवारी.
दुसरी: क महाल–सदर, ख इतवारी–प्रतापनगर, ग धरमपेठ–मानेवाडा.
तिसरी: क सदर–मानेवाडा, ख धरमपेठ–इतवारी, ग महाल–प्रतापनगर.
चौथी: क महाल–इतवारी, ख धरमपेठ–सदर, ग मानेवाडा–प्रतापनगर.
पाचवी: क इतवारी–मानेवाडा, ख सदर–प्रतापनगर, ग धरमपेठ–महाल.

एका रविवारी तीन फेऱ्या, दुसऱ्या रविवारी दोन. शेवटची फेरी तिन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी सुरू करा, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येणार नाही.

आठवा टप्पा: गुणतक्ता आणि बरोबरी

कर्लिंग वर्ल्ड कपची पद्धत अशी: सरळ विजयाला तीन गुण. ठरलेले एंड संपल्यावर बरोबरी असेल तर दोन्ही संघ एकेक दगड बटनाकडे टाकतात. ज्याचा जवळ त्याला दोन गुण, दुसऱ्याला एक. सरळ हरला त्याला शून्य. साखळीत जादा एंड नसल्यामुळे वेळापत्रक कोलमडत नाही, आणि शेवटपर्यंत झुंजलेला संघ रिकाम्या हाताने जात नाही. बरोबरीच्या फेकीत आधी कोण टाकणार, हे सामन्याआधीच्या दोन दगडांत जो पुढे होता त्याने ठरवावं.

आता गुण सारखे झाले तर. क्रिकेटची सवय असलेली मंडळी लगेच नेट रनरेटसारखं काहीतरी मागतील, म्हणजे गुणांचा फरक. देऊ नका. ज्या खेळात हात मिळवून सामना मध्येच सोडता येतो, तिथे ७-२ चा अर्थ काहीच नसतो. पूर्ण खेळले असते तर ७-५ झालं असतं. शिवाय फरकावर क्रम लावला की कुणीच वेळेवर हार मानणार नाही.

क्रम असा ठेवा. दोघंच बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसातल्या सामन्याचा विजेता वर. तीन किंवा जास्त असतील तर फक्त त्यांच्या आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता. तोही सुटला नाही तर वहीतली अंतरं. समजा धरमपेठने महालला हरवलं, महालने सदरला, सदरने धरमपेठला, आणि तिघांचे नऊ गुण. आपसात प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव, गुंता तसाच. मग प्रत्येकाचे पाच सामन्यांतले दहा दगड घ्या, सर्वांत वाईट एक वगळा, उरलेल्या नऊची सरासरी काढा. धरमपेठ ३८.२, सदर ४१.०, महाल ४४.६ असेल तर क्रम तोच. एकदा सरासरीवर आलात की तिघांचाही क्रम तिनेच लावायचा, परत आपसातल्या निकालाकडे वळायचं नाही, हे वाक्य नियमपत्रकात ठळक लिहा. एक दगड वगळण्याचं कारण एवढंच की एखाद्याच्या हातून घसरलेल्या एका दगडामुळे पाच आठवड्यांच्या सरावावर पाणी फिरू नये.

नववा टप्पा: बाद फेरी

वरचे चार पुढे जातात. साधी उपांत्य फेरी ठेवता येईल, पण कॅनडाच्या राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत, ब्रायरमध्ये, वर्षानुवर्षं पेज पद्धत वापरली जाते, आणि आयपीएलमुळे ती आपल्याकडे लहान मुलालाही पाठ आहे. पहिला विरुद्ध दुसरा, विजेता थेट अंतिम सामन्यात. तिसरा विरुद्ध चौथा, हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला यांच्यात एक सामना, त्यातला विजेता अंतिम फेरीत. साखळीत वर राहण्याचं मोल यात टिकतं.

बाद फेरीत सामन्याआधीचे दोन दगड टाकायचे नाहीत. साखळीत वर असलेल्या संघाला पहिल्या एंडच्या हॅमरचा निर्णय द्या. अंतिम सामन्यात पहिल्याच लढतीतून आलेला संघ वरचा धरा, साखळीत तो दुसरा असला तरी. बरोबरी झाली तर इथे जादा एंड खेळायचा, प्रत्येकी साडेचार मिनिटांच्या विचारवेळात. हॅमर नेहमीच्या नियमाने, म्हणजे शेवटच्या एंडमध्ये ज्याने गुण घेतले नाहीत त्याच्याकडे. आणि तो एंड कोरा गेला तर आपल्या बदललेल्या नियमाने हॅमर समोरच्याकडे देऊन आणखी एक.

हे सगळं दोन पानांत बसतं. पहिल्या रविवारच्या आठवडाभर आधी सहाही स्किपना बोलावून वाचून दाखवा, शंका तिथेच लिहून घ्या, आणि सह्या घेऊन एक प्रत हॉलच्या दाराशी चिकटवा. लीग सुरू झाल्यावर नियमात बदल करायचा असेल तर सहापैकी पाच स्किपची संमती लागेल, आणि तो बदल पुढच्या फेरीपासून लागू होईल, चालू सामन्यात नाही.